अरुंद, गोल टोकांचं देवनागरी अक्षर: विदर्भातल्या पाट्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या ठिकाणी फ्लेक्स, रेडियम आणि रंगाच्या पाट्यांचं काम चालतं, तिथे पेंटर, डीटीपी करणारी मुलं-मुली, ग्रामसेवक, कृषी केंद्राचे मालक, नाटक मंडळांची माणसं हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं कामाच्या अंगाने दिली आहेत. जिथे माझं मत आहे, तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

अरुंद गोल अक्षर म्हणजे नेमकं कोणतं?

तीन गुण एकत्र आले की हे अक्षर होतं. रेघेची जाडी सगळीकडे जवळपास सारखी असते, बोरूच्या अक्षरासारखी जाड-बारीक होत नाही. रेघ संपते तिथे कापल्यासारखं सपाट टोक नसतं, अर्धगोल असतं. आणि उंचीच्या मानाने अक्षराची रुंदी कमी असते. टोकाच्या गोलाईची त्रिज्या साधारण रेघेच्या जाडीच्या निम्मी धरतात. त्याहून कमी ठेवली तर अक्षर गोल न दिसता नुसतं कोपरे घासल्यासारखं दिसतं.

आपल्या भागात याची गरज काय?

गावांची आणि संस्थांची नावं बघा. नांदगाव खंडेश्वर, अंजनगाव सुर्जी, अर्जुनी मोरगाव, धामणगाव रेल्वे. यातलं कोणतंही नाव एसटीच्या पाटीवर बसवायचं तर रुंद अक्षरात ते एक तर बारीक करावं लागतं, नाही तर दोन ओळींत तोडावं लागतं. गावोगावची 'विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था मर्यादित' घ्या. पुढे गावाचं नाव, तालुका, जिल्हा आणि नोंदणी क्रमांक. हे सगळं संस्थेच्या एका दारावर मावायला हवं, आणि ते वाचणारा माणूस रस्त्याच्या पलीकडे उभा असतो.

पाटीची रुंदी भिंत ठरवते. नावाची लांबी गाव ठरवतं. आपल्या हातात उरते ती अक्षराची रुंदी. उंची कमी केली की लांबून वाचता येत नाही, म्हणून उंची राखून रुंदी कमी करायची. जगात इतरत्रही हाच हिशोब झाला आहे. जर्मनीत १९३६ साली मानक ठरलेल्या डिन १४५१ या अक्षराची मध्यम आणि अरुंद अशी रूपं होती. रस्त्याच्या पाटीवर नाव लांब असलं की अरुंद रूप वापरायचे. ते अक्षर सपाट टोकांचं आहे, पण पाटीच्या मापापायी वेगळं अरुंद रूप रेखाटायचं, ही पद्धत घेण्यासारखी आहे.

भाऊ, कॉरेलमध्ये फाँट दोन्हीकडून दाबला का काम होते, मंग वेगळा फाँट कायले?

कॉरेल म्हणजे पाट्या-पोस्टरं मांडायचं सॉफ्टवेअर. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक वाईट पाट्या इथेच तयार होतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा रेघ सगळीकडे १० मिलिमीटर जाड आहे. अक्षर आडवं दाबून रुंदी ७० टक्क्यांवर आणली. आता उभा दंड ७ मिलिमीटरचा झाला, पण शिरोरेषा १० मिलिमीटरचीच राहिली, कारण उंचीला आपण हातच लावला नाही. देवनागरीत शब्द वाचायला काना, दंड आणि पोकळीतल्या वळणांचा आधार लागतो. ते सगळं बारीक झालं आणि वरची रेषा जाड राहिली. लांबून पाहिलं की पहिल्यांदा एक काळा आडवा पट्टा दिसतो, खालचं अक्षर नंतर.

गोल टोकांचं तर आणखी वाईट होतं. अर्धगोल दाबला की लंबगोल होतो, आणि दंडाचं टोक टोकदार दिसायला लागतं. शिरोरेषेचं टोक मात्र बोथट होतं. एकाच अक्षरात दोन जातीची टोकं दिसतात. तिरक्या रेघा उभ्याकडे झुकतात, म्हणजे ब, ष आणि र यांची ओळख ज्या तिरप्यावर असते तोच बिघडतो.

अरुंद म्हणून रेखाटलेल्या अक्षरात रचनाकार हे सगळं नव्याने ठरवतो. दंडाची जाडी राखतो, शिरोरेषा दंडापेक्षा किंचित बारीक करतो, दोन रेघा भेटतात त्या सांध्यात रेघ थोडी घटवतो, म्हणजे तिथे काळा गोळा होत नाही. टोकाची गोलाई गोलच ठेवतो. नव्वद-पंचाण्णव टक्क्यांपर्यंतचं दाबणं डोळ्याला फारसं कळत नाही, तेवढं अडलं तर चालवून घ्या. त्यापुढे अरुंद फाँटच घ्यावा.

अरुंद अक्षरात कोणती अक्षरं घात करतात?

पोकळीची आणि उघड्या डोक्याची. 'ब' आणि 'व' यांच्यात फरक आहे तो पोटातल्या एका तिरप्या रेघेचा. पोकळी लहान झाली की ती रेघ भरून जाते, किंवा रचनाकार ती इतकी बारीक करतो की लांबून दिसतच नाही. बडनेरा आणि वडनेर ही दोन्ही विदर्भातलीच गावं आहेत, चुकीच्या गाडीत बसायला तेवढं पुरतं. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांची गोष्ट तशीच. भ आणि ध यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते. गोल टोकांमुळे त्या फटीच्या दोन्ही कडा आत सरकल्यासारख्या दिसतात, आणि अरुंद अक्षरात फट आधीच लहान. ती बुजली की भातकुलीची मातकुली होते. चांगल्या अरुंद फाँटात ही फट रेघेच्या जाडीइतकी तरी ठेवलेली असते.

'ण', 'ष', 'क्ष', 'झ' या अक्षरांत तीन-तीन उभ्या हालचाली आहेत. त्यांना बाकीच्यांइतकं अरुंद करण्याचा हट्ट धरू नये, थोडी जास्त जागा द्यावी. सगळी अक्षरं एका मापात बसवली की 'पोषण आहार' वाचताना डोळा अडतो.

फाँट पारखायला मी तीन शब्द टाइप करून बघतो. मूर्तिजापूर: यात खाली दोन दीर्घ उकार आणि वर रफार-वेलांटी एकाच अक्षरावर येतात. शेतकऱ्यांसाठी: यात अर्धा ऱ आहे. नांदगाव खंडेश्वर: यात दोन अनुस्वार, मात्रा आणि श्व. हे तीन शब्द पाटीच्या मापात काढून भिंतीला लावा आणि रस्ता ओलांडून वाचा. पडद्यावर मोठं करून बघितलेलं काही सांगत नाही.

'शेतकऱ्यांसाठी' मधला ऱ तुटून वेगळाच का दिसतो?

एक तर फाँटात ते रूप नाही, किंवा तो वेगळ्या पद्धतीने टाइप झाला आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, ही खूण दोन मार्गांनी येते: नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि पुढचं अक्षर, किंवा साधा र, हलन्त, जोडणारा अदृश्य वर्ण आणि मग पुढचं अक्षर. नीट बनवलेला फाँट दोन्ही ओळखतो. हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या काही फाँटांत मात्र याची आबाळ दिसते. कृषी केंद्र, बाजार समिती, पीक विमा, सगळ्या पाट्यांवर हा शब्द येतो. तो नीट येत नसेल तर बाकी कितीही देखणा असला तरी तो फाँट मराठीच्या कामाचा नाही.

ल आणि श हिंदी वळणाचे येतात, काय करावं?

राज्य शासनाने २०२२ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरायला सांगितलं आहे, त्यामुळे ग्रामपंचायत, शाळा, आरोग्य उपकेंद्र यांच्या पाट्यांवर हे आलंच पाहिजे. बऱ्याच नव्या फाँटांत दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली की मराठी रूप आपोआप येतं. सॉफ्टवेअर जुनं असेल तर अक्षरांच्या तक्त्यातून पर्यायी आकार हाताने निवडावा लागतो.

शिरोरेषेचं टोकही गोल असावं का?

शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी असावं, मधे नसावं. रोमन गोल अक्षराच्या रचनाकाराला हा प्रश्न पडतच नाही, कारण तिथे अक्षरं सुटी असतात. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्याला भिडतं. ही टोकं गोल ठेवून नुसती टेकवली तर प्रत्येक सांध्याला वरून आणि खालून खाच पडते. मोठ्या पाटीवर ती खाच ओळभर मोजता येते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, तुकडा अक्षराच्या रुंदीपेक्षा थोडा लांब ठेवायचा, म्हणजे गोल टोक शेजारच्या रेषेत पूर्ण बुडतं. दुसरा, मधल्या अक्षरांना सपाट टोकं द्यायची आणि शब्दाच्या दोन्ही कडांसाठी गोल टोकांचे वेगळे आकार काढायचे, जे ओपनटाइपचे, म्हणजे फाँटाच्या फाइलमध्येच लिहिलेले, नियम आपोआप बदलून आणतात. दुसरा उपाय स्वच्छ आहे, पण जवळपास प्रत्येक अक्षराचे जादा आकार काढावे लागतात.

पहिल्या पद्धतीच्या फाँटात रेडियम कापणाऱ्यांनी जपावं. प्लॉटर प्रत्येक अक्षराची बाहेरची रेषा कापत जातो, त्यामुळे जिथे तुकडे एकमेकांवर चढले आहेत तिथेही सुरी फिरते आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. कापायला देण्याआधी मजकुराचे आकार करून वेल्ड करून घ्या, म्हणजे एकमेकांवर चढलेले तुकडे एकसंध होतात. हे न केल्यामुळे रुग्णवाहिकेवरची अक्षरं एकेक करून गळालेली मी पाहिली आहेत.

आणखी एक, याच कारणाने देवनागरी शब्दातल्या अक्षरांमध्ये जागा वाढवू नका. अरुंद अक्षर दाटीचं वाटतं म्हणून काही जण अंतर वाढवतात. शिरोरेषा तुटते, आणि एका शब्दाचे चार होतात. मोकळं हवं असेल तर दोन शब्दांमधली जागा वाढवा.

गोल टोक ही फॅशन आहे का? आलं कुठून?

फॅशन वरवर येते-जाते, पण गोल टोक मुळात अवजारातून आलं. फिरत्या पात्याने धातूत किंवा प्लॅस्टिकमध्ये अक्षर कोरलं की रेघेचं टोक पात्याच्या गोलाईचंच होणार. अमेरिकेत गॉर्टन यंत्राने कोरलेली अक्षरं अशी होती, आणि ती यंत्रांच्या पट्ट्यांवर, कीबोर्डच्या बटणांवर दिसत. निऑनची काचनळी वाकवली तरी टोक गोलच. नकाशे आणि आराखडे काढायची नळीची लेखणीही तसंच टोक सोडते. पुढे ते छापील अक्षरात आलं. १९७९ साली फोक्सवॅगन कंपनीसाठी व्हॅग राउंडेड तयार झालं, आणि नंतर अॅपलच्या कीबोर्डवर ते अनेक वर्षं होतं.

आपल्याकडे बोरू तिरका कापलेला असायचा, म्हणून पोथीतली आणि त्यावरून आलेली छापील अक्षरं जाड-बारीक. पण गावातल्या माणसाच्या हातात बोरू कधीचाच राहिलेला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर खडूने लिहिलेली बाराखडी बघा, पाटीवरच्या पेन्सिलीने काढलेलं अ बघा, सारख्या जाडीची रेघ आणि बोथट टोक. भिंतीवर 'हागणदारीमुक्त गाव' लिहिणाऱ्या पेंटरच्या भरलेल्या गोल ब्रशनेही तेच निघतं. त्यामुळे हे अक्षर आपल्या डोळ्याला उपरं वाटत नाही.

उन्हाचा आणि अक्षराच्या आकाराचा काही संबंध आहे का?

आहे, आणि चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडचे लोक तो रोज बघतात. पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा पत्र्यावर चिकटवलेलं व्हिनाइल आकसतं आणि सुटायला लागतं. ते नेहमी कोपऱ्यातून सुटतं. टोकदार कोपऱ्याला चिकटायला जागा कमी असते, धूळ आधी तिथेच शिरते, फडक्याने पुसताना धागा तिथेच अडकतो. गोल टोकाला असा पकडायला कोपराच नसतो. माल सारखाच असेल तर गोल अक्षर जास्त टिकतं. ट्रॅक्टरची ट्रॉली, दुधाची गाडी, पाण्याची टाकी यांच्यासाठी मी याच कारणाने ते सुचवतो.

राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याच्या यंत्रावर, अॅक्रेलिक किंवा एसीपी (अॅल्युमिनियमचा पाटीचा पत्रा) कापताना वेगळा फायदा. पातं ३ मिलिमीटरचं असेल तर आतला कोपरा दीड मिलिमीटर त्रिज्येपेक्षा टोकदार निघूच शकत नाही. सपाट टोकांच्या अक्षरात बाहेरचा कोपरा टोकदार आणि आतला गोल असा विसंवाद राहतो. गोल अक्षरात तो दिसत नाही.

लांबून वाचायला अक्षर किती मोठं हवं?

पाटीच्या धंद्यातला जुना अंदाज असा: आरामात वाचायला दर दहा फुटांना एक इंच. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून खाली दंडाच्या टोकापर्यंत मोजा, वरच्या मात्रा आणि खालचे उकार धरू नका. बसस्टँडवर साठ फुटांवरून वाचायचं तर सहा इंच. चालत्या गाडीतून वाचायचं तर वेळही मोजावा लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. रस्त्याकडेच्या फलकावर चार-पाच शब्दांपेक्षा जास्त मजकूर कोणी वाचत नाही, अक्षर कितीही चांगलं असो.

दोन ओळींत अंतर सढळ ठेवा. अरुंद अक्षर उंच असतं, आणि वरच्या ओळीचा दीर्घ उकार खालच्या ओळीच्या रफाराला लवकर भिडतो.

कोणते तयार फाँट वापरता येतील?

देवनागरीत खरोखर अरुंदही आणि पूर्ण गोलही असे फाँट कमी आहेत. जवळचे सांगतो. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'बलू' गोल, गुटगुटीत आहे. त्याची नवी आवृत्ती बलू २ चारशेपासून आठशेपर्यंतच्या वजनांत (म्हणजे रेघेच्या जाडीच्या पायऱ्यांत) मिळते, पण तो अरुंद नाही. त्यांचाच २०२२ चा 'अनेक देवनागरी' हा फाँट रुंदीला कमी-जास्त करता येतो, ७५ ते १२५ टक्क्यांपर्यंत, आणि प्रत्येक रुंदीला जाडी नीट राखलेली असते. टोकं मात्र सपाट. इंडियन टाइप फाउंड्रीचे 'खंड' आणि 'टेको' चांगले अरुंद आहेत, ठळक मथळ्याला उत्तम. नोटो सॅन्स देवनागरीतही अरुंद रूपं आहेत. हे सगळे खुल्या परवान्यावर मोफत मिळतात, दुकानाच्या कामाला वापरता येतात.

अरुंद फाँटाला गोलाई द्यायची तर एक युक्ती: हवी त्यापेक्षा हलकी जाडी निवडा, मजकुराचे आकार करून वेल्ड करा, त्याला त्याच रंगाची गोल कोपऱ्यांची बाह्यरेषा द्या, बाह्यरेषेचा आकार करून पुन्हा वेल्ड. रेघ जाड होते आणि पोकळी आकसते, म्हणूनच सुरुवात हलक्या जाडीने. ब आणि भ तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बाजारभावाच्या फलकावर अंक कसे हवेत?

सगळे अंक एका रुंदीचे हवेत, म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर यांचे क्विंटलचे भाव एकाखाली एक नीट उभे राहतात. १ आणि ९ मध्ये फरक ठसठशीत हवा. एवढं पुरे.

हे अक्षर कुठे वापरू नये?

सलग वाचायच्या मजकुरात. अरुंद अक्षराच्या चार ओळी वाचून झाल्या की डोळा थकतो. पत्रिकेतल्या नावांना चालेल, आमंत्रणाच्या मजकुराला नको.

कीटकनाशकाच्या माहितीपत्रकावर, फवारणीच्या प्रमाणाच्या तक्त्यावर तर अजिबात नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. त्याची कारणं वेगळी आणि अनेक होती, अक्षराचा दोष नव्हता. पण तेव्हापासून माझ्याकडे कृषी केंद्राचं असं पत्रक आलं की मी जागा वाढवून मागतो. 'किती मिलिलिटर, किती पाण्यात' हे वावरात उभं राहून, घामाने भरलेल्या डोळ्यांनी वाचायचं असतं. तिथे रुंद, मोकळं अक्षर आणि मोठे अंक लागतात. कागद वाचवायची ती जागा नाही.

विजेच्या डीपीवरच्या 'धोका' साठीही मी गोल अक्षर घेत नाही. गोल टोकांनी अक्षर मायाळू दिसतं. अंगणवाडीला ते शोभतं, रोहित्राला नाही.

झाडीपट्टीच्या नाटकाच्या पोस्टरला चालेल का?

नाटकाच्या नावाला नको. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या मंडळांची पोस्टरं गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत लागतात, आणि त्यावरचं नाव म्हणजे पेंटरची कलाकुसर असते: सावली दिलेलं, ज्वाळांचं, रक्त ठिबकणारं. ते हातानेच काढलेलं असावं असं मला मनापासून वाटतं. त्याच्या जागी कोणताही तयार फाँट टाकला की सगळी नाटकं एकसारखी दिसायला लागतात.

पण खाली कलाकारांची वीस-पंचवीस नावं, लावणी, संगीत, स्थळ, वेळ, तिकीट हे सगळं एका पट्टीत बसवायचं असतं. तिथे अरुंद गोल अक्षर फार उपयोगी. हौशी कलाकाराचं नाव वाचता येईल एवढं मोठं आलं, तर त्याच्या गावाला त्याचं मोल असतं.

देवनागरी सोपी करायच्या नावाखाली मोडायचा हा प्रकार तर नाही?

ही शंका जुनी आहे आणि विदर्भाशी तिचा संबंध आहे. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या जुन्या पुस्तकांत इ, ई ऐवजी 'अ' ला वेलांटी दिलेली दिसते. तेव्हा खिळ्यांची संख्या कमी व्हावी, छपाई आणि टंकलेखन सोपं व्हावं म्हणून लिपीच बदलायचा विचार झाला होता. आता ती अडचण राहिली नाही. एका फाँटात शेकडो जोडाक्षरं मावतात. अरुंद अक्षरात लिपीचं एकही अक्षर बदलत नाही, फक्त त्याची ठेवण बदलते. जो फाँट जागा वाचवायला क्ष, ज्ञ, श्र तोडून दाखवतो, तो घेऊ नका.

जुनी कृतिदेवची फाइल नव्या फाँटात उघडली तर इंग्रजी अक्षरं येतात, का?

जुन्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले होते. युनिकोड फाँट ती अक्षरं खरी रोमन म्हणून दाखवतो. मजकूर रूपांतर करून घ्या, आणि नंतर ऱ, रफार, अर्धी अक्षरं डोळ्यांनी तपासा.

हातानेच रंगवायचं असेल तर माप कसं धरावं?

ब्रशच्या रुंदीने. अक्षराची उंची सहा-सात ब्रशची धरा, आणि कुठलीही पोकळी एका ब्रशपेक्षा अरुंद होऊ देऊ नका. गोल टोक डोळ्याला थोडं आखूड भासतं, म्हणून दंडाचं खालचं टोक आखलेल्या रेषेच्या केसभर खाली न्या. आधी सगळे दंड आणि काने सारख्या अंतराने उभे करून घ्या, मग पोटातली वळणं भरा. शिरोरेषा शेवटी ओढा, पण ध, भ आणि थ आले की हात उचला. रंग ओला असतानाच रस्ता ओलांडून नाव वाचायला दुसऱ्या कोणाला तरी सांगा. तो अडखळला ते अक्षर त्याच वेळी पुसून दुरुस्त करता येतं.